टायर स्वस्त झाला, पण पार्सलचं काय? पुण्याहून बाइकचा टायर पाठवताना पैसे नेमके कशाचे लागतात?

समजा, सांगोल्यातल्या एका तरुणाच्या केटीएम ३९० ड्यूकचा मागचा टायर गुळगुळीत झालाय. गावातल्या दुकानात रोजच्या १०० आणि १२५ सीसी गाड्यांच्या टायरची थप्पी लागलेली आहे, पण १५०/६०-१७ या मापाचा टायर नाही. पुण्यात नाना पेठेत फोन केला तर टायर मिळतो आणि भावही पटतो. मग दुकानदार विचारतो, "पाठवू कसा?"

इथून खरा घोळ सुरू होतो. टायर काट्यावर ठेवला तर भरतो साधारण ६ किलो. कुरिअरची पावती मात्र येते १२ किलोची.

असा अनुभव अनेकांना येतो आणि बहुतेकांना वाटतं की आपल्याला फसवलं. प्रत्यक्षात यात फसवणूक नसते, एक हिशेब असतो. तो कळला की पैसे कुठे वाचू शकतात आणि कुठे नाही, हेही कळतं.

जीएसटी कपातीचे ५०० रुपये

२२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ज्या टायरची करापूर्वीची किंमत ५,००० रुपये आहे, तो आधी ६,४०० रुपयांना पडायचा, आता ५,९०० रुपयांना पडतो. म्हणजे ग्राहकाचे ५०० रुपये वाचले.

आता कुरिअरचा हिशेब पाहू. दर किलोला ६० रुपये धरला, तर ६ किलोचे ३६० रुपये होतात. कुरिअर सेवेवर १८ टक्के जीएसटी धरून ४२५ रुपये. पण बिल १२ किलोचं लागलं तर ७२० रुपये आणि जीएसटी मिळून जवळपास ८५० रुपये होतात. फरक ४२५ रुपयांचा. टायरवर सरकारने सोडलेल्या ५०० रुपयांतला मोठा भाग असा वाहतुकीतच संपतो.

दर कंपनीनुसार आणि अंतरानुसार बदलतात, त्यामुळे हे आकडे फक्त उदाहरणापुरते आहेत. ६ चे १२ किलो होणं मात्र उदाहरणापुरतं नाही. ते टायरच्या मापातच लिहिलेलं असतं.

६ किलोचा टायर १२ किलोचा कसा होतो?

टायरवरच्या १५०/६०-१७ या आकड्यांचा अर्थ असा: टायरची रुंदी १५० मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के म्हणजे ९० मिलिमीटर आणि रिमचा व्यास १७ इंच. १७ इंच म्हणजे ४३.२ सेंटिमीटर. त्यात वरची आणि खालची मिळून १८ सेंटिमीटर भिंत धरली की टायरचा बाहेरचा व्यास ६१ सेंटिमीटरच्या थोडा वर जातो.

कुरिअर कंपनी पार्सलचं वजन दोन प्रकारे काढते. एक काट्यावरचं वजन. दुसरं आकारमानावरून काढलेलं वजन, ज्याला 'व्हॉल्युमेट्रिक वेट' म्हणतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करायचा आणि त्याला बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागायचं. दोन्हींपैकी जे वजन जास्त, त्याचे पैसे लागतात.

आपल्या टायरसाठी ६२ × ६२ × १५ केलं तर ५७,६६० येतात. ५,००० ने भागलं की ११.५३. पुढच्या पूर्ण किलोला बिल करायची पद्धत असेल तर १२ किलो.

गंमत अशी की टायर गोल आणि मधून पोकळ असतो, पण हिशेब चौकोनी खोक्याचा होतो. चार कोपऱ्यांतली रिकामी जागा आणि मधलं भोक, दोन्हींचे पैसे लागतात. भूमितीने पाहिलं तर त्या खोक्यातली जेमतेम ४० टक्के जागा टायरने व्यापलेली असते. उरलेल्या सुमारे ६० टक्के जागेत नुसती हवा असते.

सगळ्याच टायरना हा फटका सारखा बसत नाही. जुन्या चेतकसारख्या स्कूटरच्या ३.५०-१० टायरचा बाहेरचा व्यास ४३ सेंटिमीटरच्या आसपास असतो. त्याचा हिशेब ४४ × ४४ × ९ असा धरला तर साडेतीन किलोच्या आत येतो. हा आकडा टायरच्या खऱ्या वजनापासून फार लांब नाही. रिम जितकी मोठी, तितकं मधलं भोक मोठं आणि तितका हवेचा खर्च जास्त.

मग कुरिअरवाले लबाडी करतात का?

ट्रक दोन कारणांनी भरतो: एक तर वजन संपतं, नाहीतर जागा संपते. लोखंडाचे नट-बोल्ट भरले तर वजनाची मर्यादा आधी येते. उशा भरल्या तर जागा आधी संपते आणि ट्रक जवळपास रिकाम्या वजनाने धावतो. डिझेल, टोल आणि ड्रायव्हरचा पगार मात्र तेवढाच लागतो. म्हणून हलक्या पण जागा अडवणाऱ्या मालाला जागेचा दर लावतात.

ही पद्धत विमान मालवाहतुकीतून आली. तिथे घनसेंटिमीटरला ६,००० ने भागण्याचा संकेत आहे. अमेरिकेत फेडएक्स आणि यूपीएस या कंपन्यांनी २०१५ पासून रस्त्याने जाणाऱ्या लहान पार्सललाही ही पद्धत सरसकट लागू केली. भारतात ऑनलाइन खरेदी वाढली तसा हा हिशेब सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचला.

त्यामुळे हिशेब चुकीचा नाही. अडचण दुसरीच आहे. जाहिरातीत दिसतो तो किलोमागचा दर, आणि भागायचा आकडा दिसतो तो बारीक अक्षरातल्या अटींमध्ये. कुठे ५,००० असतो, कुठे त्याहून कमी. भागायचा आकडा कमी म्हणजे बिल जास्त. रस्त्याने माल नेणाऱ्या काही कंपन्या घनफुटाचा हिशेब करतात: एका घनफुटाला ६, ८ किंवा १० किलो. आपला टायर साधारण दोन घनफुटांचा आहे. म्हणजे तोच टायर एकीकडे १२ किलोचा आणि दुसरीकडे २० किलोचा ठरू शकतो. किलोचा दर कमी असलेली कंपनी शेवटी महाग पडते ती यामुळेच.

अनेक कंपन्यांची दरं एका जागी दाखवणाऱ्या वेबसाइटवरूनही पार्सल पाठवता येतं आणि तिथे दर बहुतेकदा कमी असतात. पण तिथे मापं ग्राहकाने स्वतः भरायची असतात. कंपनीच्या केंद्रात यंत्राने पुन्हा मोजमाप होतं आणि फरक निघाला तर तो नंतर वसूल केला जातो. ६ किलो लिहून स्वस्तात पाठवल्याचा आनंद काही दिवसच टिकतो.

पुण्यातून दुसरे रस्ते कोणते?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. कुरिअर दोन कामांचे पैसे घेतं: माल एका शहरातून दुसऱ्या शहरात नेण्याचे आणि तो दारापर्यंत पोहोचवण्याचे. दारापर्यंतचं काम स्वतः केलं की खर्च झपाट्याने खाली येतो.

ट्रान्सपोर्ट: मार्केट यार्ड, नाना पेठ-भवानी पेठेचा परिसर, निगडीचं ट्रान्सपोर्टनगर इथे गोडाऊन ते गोडाऊन माल नेणाऱ्या कंपन्यांची ऑफिसं आहेत. माल तिथे नेऊन द्यायचा, बिल्टी घ्यायची आणि ज्याला पाठवला त्याने त्याच्या गावच्या किंवा जवळच्या शहरातल्या गोडाऊनमधून उचलायचा. भाडं आधी भरता येतं किंवा 'टू-पे' म्हणजे माल घेणाऱ्याने भरायचं असंही करता येतं.

इथला डाव वेगळा असतो. बहुतेक ट्रान्सपोर्टवाले किमान वजन किंवा किमान भाडं धरतात. टायर ६ किलोचा असो की १२ किलोचा, पैसे त्या किमान आकड्याचे लागतात. वर बिल्टीचा खर्च आणि हमाली. म्हणून एकटा टायर पाठवण्यापेक्षा पुढचा आणि मागचा एकत्र बांधून पाठवणं इथे फायद्याचं ठरतं. दुसरा टायर जवळपास फुकटात जातो. कुरिअरमध्ये मात्र जोडी बांधून वजनात काही वाचत नाही. ११०/७०-१७ चा पुढचा टायर वेगळा पाठवला तर ८ किलोचा धरला जातो आणि मागचा १२ किलोचा, एकूण २०. दोन्ही एकावर एक बांधले तरी हिशेब २० किलोचाच येतो. वाचला तर दुसऱ्या पावतीचा ठरावीक खर्च वाचतो.

एसटी आणि ट्रॅव्हल्स: एसटीच्या गाडीतून पार्सल पाठवण्याची सोय जुनी आहे. सांगोला, पंढरपूर, सातारा, कोल्हापूरच्या बाजूला जायचं तर स्वारगेट, नाशिक किंवा मराठवाड्याच्या बाजूला वाकडेवाडीचं शिवाजीनगर स्थानक. माल थेट तालुक्याच्या स्टँडवर उतरतो, हा याचा मोठा फायदा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये एसटीने सुरू केलेली 'महाकार्गो' मालवाहतूक ही वेगळी गोष्ट. ती ट्रकभर मालासाठी आहे, एका टायरसाठी नाही.

खासगी ट्रॅव्हल्सवालेही पार्सल घेतात. रात्री दिलेला टायर सकाळी पोहोचतो, आणि भाव बऱ्याचदा तोंडी ठरतो. पण हातात फक्त ड्रायव्हरचा मोबाइल नंबर असेल आणि पावती नसेल, तर टायर हरवल्यावर दाद मागायला कागद उरत नाही. पार्सल काउंटरची छापील पावती घ्यावी, तिच्यावर मालाचं वर्णन आणि गाडीचा नंबर असावा.

रेल्वे: पुणे स्टेशनवर पार्सल ऑफिस आहे. नागपूर, दिल्ली, चेन्नईसारख्या लांबच्या पल्ल्याला रेल्वेचा पर्याय विचारात घेण्यासारखा आहे. फक्त माल स्टेशनवर नेऊन द्यायचा आणि पलीकडच्या स्टेशनवरून वेळेत उचलायचा. ठरलेल्या मुदतीत उचलला नाही तर 'व्हार्फेज' नावाचं वेगळं शुल्क चढत जातं.

पोस्ट: स्पीड पोस्टने ३५ किलोपर्यंतचं पार्सल जातं, आणि खासगी कुरिअरची गाडी जिथे जात नाही अशा गावातही पोस्टमन जातो. मोठ्या व्यासाच्या टायरसाठी आकाराची मर्यादा काय आणि आकारमानाचा हिशेब लागतो का, हे बुकिंगच्या काउंटरवर टायर नेण्याआधीच विचारून घेतलेलं बरं.

एक रस्ता बहुतेकजण विसरतात

टायर पुण्याहून एकट्याने प्रवास करतो तेव्हा तो महाग पडतो. कंपनीच्या मालासोबत आला तर त्याचं भाडं शेकडो टायरांमध्ये वाटलं जातं. सिएटचा दुचाकी टायरचा कारखाना नागपूरजवळ बुटीबोरीत आहे. तिथून निघालेला टायर वितरकाच्या गाडीतून तालुक्याच्या दुकानात येतो तेव्हा त्याच्या वाहतुकीचा खर्च ग्राहकाला जाणवतही नाही.

म्हणून सांगोल्यातल्या त्या तरुणाने नाना पेठेला फोन लावण्याआधी गावातल्याच दुकानदाराला विचारायला हवं, "हे माप पुढच्या मालात मागवून द्याल का?" चार-आठ दिवस थांबायची तयारी असेल तर बऱ्याचदा हाच सगळ्यात स्वस्त रस्ता असतो.

हा रस्ता प्रत्येक टायरसाठी खुला नाही. चाकणच्या बजाज कारखान्यात तयार होणाऱ्या केटीएम आणि ट्रायम्फच्या ४०० सीसी गाड्या आज तालुक्यातालुक्यात दिसतात, पण त्यांच्या मापाचे टायर ठेवणं लहान दुकानदाराला परवडत नाही. वर्षाला दोन-तीन विकले जाणार आणि तोवर भांडवल अडकून पडणार, वर पडून राहिलेला टायर जुना होणार. परदेशी टायरची गोष्ट आणखी अवघड. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटारसायकलसह अनेक वाहनांच्या नव्या टायरची आयात परवान्याच्या अटीखाली आणली. त्यामुळे मोठ्या सुपरबाइकच्या टायरसाठी आजही मोजक्या शहरांतल्या मोजक्या दुकानांवर अवलंबून राहावं लागतं. अशा टायरला पार्सलशिवाय इलाज नाही.

टायर हरवला तर किती पैसे मिळतात?

स्वस्त पर्याय निवडताना हा प्रश्न आधी विचारायला हवा, कारण उत्तर अनेकांना धक्का देणारं आहे.

ट्रकने माल नेणाऱ्यांना 'कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७' हा कायदा लागू होतो. त्याखालच्या २०११ च्या नियमांनुसार माल हरवला किंवा खराब झाला तर वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित असते. म्हणजे २०० रुपये भाडं देऊन ५,९०० रुपयांचा टायर पाठवला आणि तो हरवला, तर हातात जास्तीत जास्त २,००० रुपये येतील. पूर्ण किमतीची हमी हवी असेल तर बुकिंगच्या वेळीच मालाची किंमत लेखी जाहीर करून जास्त जोखमीचा दर भरावा लागतो. दावा लावायचा असेल तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते.

रेल्वेत किंमत जाहीर न केलेल्या पार्सलसाठी जबाबदारीची मर्यादा किलोमागे ५० रुपये आहे. ६ किलोच्या टायरचे होतात ३०० रुपये. इथेही किंमत जाहीर करून वेगळं शुल्क भरलं तर संरक्षण वाढतं. कुरिअरच्या पावतीमागच्या अटींमध्येही भरपाईची मर्यादा छापलेली असते, ती सही करण्याआधी वाचावी.

गंमत बघा: पाठवताना टायरच्या आकाराचे पैसे लागतात, आणि हरवल्यावर भरपाई त्याच्या वजनावर किंवा भाड्यावर मोजली जाते. टायरच्या खऱ्या किमतीचा विचार कुठेच आपोआप होत नाही. तो पाठवणाऱ्याने करून घ्यावा लागतो. त्यासाठी जीएसटीचं पक्कं बिल हवं. त्याची एक प्रत पार्सलसोबत आणि एक स्वतःकडे. कुरिअर दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, पण तिथेही पहिला प्रश्न पावतीचाच येतो.

खोक्यात घालायचा की नाही?

टायर फुटत नाही, त्यामुळे त्याला खोकं लागत नाही. उलट खोक्याने बिल वाढतं. तोच टायर ६५ × ६५ × १८ च्या पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवला तर हिशेब १५.२ किलोचा येतो, म्हणजे बिल १६ किलोचं. ६० रुपयांच्या उदाहरणातल्या दराने जीएसटीसह २८० रुपये जास्त, आणि खोक्याची किंमत वेगळी.

टायर कोरडा पुसून त्यावर प्लास्टिकची ताणपट्टी घट्ट गुंडाळली किंवा पोत्यात शिवला की काम होतं. आतली कड, जी रिमवर बसते, तिला मार लागता कामा नये. त्या कडेत तार असते. जागा वाचवण्यासाठी टायर घडी करून किंवा पिळून बांधला आणि ती तार वाकली, तर ट्यूबलेस टायर रिमवर नीट बसत नाही आणि हवा धरत नाही. दोरीने फार आवळलेला टायरही बसवताना मेकॅनिकला घाम फोडतो. शंभर-दोनशे रुपये वाचवायला गेलेला माणूस अशा वेळी पूर्ण टायर गमावतो.

पत्त्याची चिठ्ठी बाहेर एक आणि टायरच्या आत एक, अशा दोन असाव्यात, कारण रबरावर कागद नीट चिकटत नाही आणि बाहेरची चिठ्ठी वाटेत सुटते. बांधून झाल्यावर टेपने माप घेऊन त्या टेपसह फोटो काढून ठेवावा. वजनावरून वाद झाला तर तोच पुरावा असतो.

घेणाऱ्याने टायर हातात आल्यावर दोन गोष्टी लगेच पाहाव्यात. पहिली, आयएसआयचा शिक्का. दुसरी, भिंतीवरचा चार आकडी तारखेचा कोड. '२३२५' लिहिलं असेल तर टायर २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. स्वस्तात पाठवलेला टायर चार वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला निघाला, तर वाचलेल्या भाड्याला काही अर्थ उरत नाही.

मग स्वस्त नेमकं काय?

पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारले की उत्तर मिळतं. आकारमानाचं वजन काढता का, आणि कितीने भागता? किमान भाडं किती? हरवला तर किती मिळतील? पहिल्या प्रश्नावर काउंटरवरचा माणूस अडखळला तर समजावं की खरं बिल नंतर कळणार आहे.

तालुक्याच्या गावी एक टायर आणि थोडी सवड असेल तर एसटी किंवा ट्रान्सपोर्ट. जोडी असेल तर ट्रान्सपोर्ट. लांबचा पल्ला आणि दोन्ही टोकांना स्टेशन गाठणं सोपं असेल तर रेल्वे. घाई असेल आणि टायर महागाचा असेल तर कुरिअर, पण किंमत जाहीर करून. आणि माप नेहमीचं असेल तर गावातला दुकानदार.

सांगोल्यातल्या त्या तरुणासाठी यातला कुठलाही पर्याय चुकीचा नाही. चूक एकच होऊ शकते. पार्सलचा आकडा ऐकून तो म्हणेल, "राहू दे, अजून दोन महिने चालेल," आणि जुन्याच टायरवर पावसाळा काढेल. टायरच्या खोबणीत झीज दाखवणारे छोटे उंचवटे असतात. रबर त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की तो उरलेल्या नक्षीवरच अवलंबून असतो. कुरिअरवाला हवेचे पैसे घेतो हे खरंच आहे, पण तो आकडा ४०० रुपयांचा आहे आणि तो कमी करण्याचे रस्ते पुण्यात अनेक आहेत.